प्रत्यारोपणापूर्वी जंतांचे औषध कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६१ वर्षांचे, रायगड जिल्ह्यातले भातशेती करणारे शेतकरी. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे वर्षभर डायलिसिसवर आहेत. दोन महिन्यांनी मुंबईत त्यांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण ठरले असून मूत्रपिंड आई देणार आहेत. तेथील डॉक्टरांनी वडिलांची शौचाची तपासणी तीन वेळा करून घेतली, तिन्ही वेळा काही सापडले नाही, तरीही आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या लिहून दिल्या. जंत नाहीत तर औषध कशाला, घरातले मांजर सोडून द्यावे लागेल का, आणि पुढे पाण्याची व खाण्याची काळजी कशी घ्यायची, असे मुलाने विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण वेळ त्याच्यासाठी कमी आहे. डॉक्टरांचा निर्णय योग्य आहे, आणि त्या गोळ्या शस्त्रक्रियेपूर्वीच घेतल्या गेल्या पाहिजेत. संसर्गजन्य आजारांवर उपचार करताना गेल्या सव्वीस वर्षांत माझे एक मत पक्के होत गेले आहे, ते असे की प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला होणारे परजीवींचे गंभीर आजार पुष्कळदा नव्याने लागलेले नसतात. ते वर्षानुवर्षे शरीरात असतात, शरीराने त्यांना आवर घातलेला असतो, आणि आपण स्टिरॉइडसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देऊन (प्रत्यारोपणात नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून ती लागतातच) तो आवर सैल करतो. म्हणून त्यांचा शोध घेण्याची वेळ औषधे सुरू होण्याच्या आधीची असते.

वडिलांच्या बाबतीत डॉक्टरांना ज्याची शंका आहे त्या जंताचे नाव स्ट्राँगिलॉइडिस. सुमारे दोन मिलिमीटर लांबीचा, केसाहून बारीक असा हा कृमी लहान आतड्याच्या अस्तरात राहतो. त्याच्या अळ्या मातीत असतात आणि अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरतात. रक्तातून त्या फुप्फुसात जातात, श्वासनलिकेतून वर येऊन घशात गिळल्या जातात आणि आतड्यात पोहोचून मोठ्या होतात. इथपर्यंतची हकिकत अंकुशकृमीसारखीच (हुकवर्म) आहे. फरक पुढे पडतो. अंकुशकृमीची अंडी शौचावाटे बाहेर जातात, आणि नवा संसर्ग थांबला की काही वर्षांत आतड्यातले कृमी मरून संपतात. स्ट्राँगिलॉइडिसची अंडी मात्र आतड्यातच फुटतात, आणि बाहेर पडणाऱ्या अळ्यांपैकी काही तिथल्या तिथे वाढून आतड्याच्या भिंतीतून किंवा गुदद्वाराजवळच्या कातडीतून पुन्हा त्याच माणसाच्या शरीरात शिरतात. माणूस स्वतःलाच पुन्हा पुन्हा संसर्ग देत राहतो, आणि त्यामुळे हा जंत आयुष्यभर टिकू शकतो. दुसऱ्या महायुद्धात १९४२-४३ मध्ये ब्रह्मदेश-सयाम रेल्वेमार्गावर राबवलेल्या ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांच्या शरीरात, ते मायदेशी परतल्यानंतर कित्येक दशकांनी हाच कृमी सापडला. मधल्या काळात त्यांनी त्या मातीवर पुन्हा पाऊलही ठेवले नव्हते.

आता वडिलांचे आयुष्य डोळ्यांसमोर आणा. लहानपणापासून चिखलणी आणि लावणी अनवाणी, पावसाळ्यातली ओली माती, आणि गावात घरोघरी शौचालये होण्यापूर्वीची ती सारी वर्षे. चाळीस वर्षांपूर्वी कधीतरी ही अळी पायातून आत गेली असेल आणि त्यांना काहीच जाणवले नसेल, हे सहज शक्य आहे. बहुतेकांना लक्षणे नसतात. कोणाला अधूनमधून पोटात जळजळते, कोणाच्या अंगावर पित्त उठते. कोणाच्या ढुंगणावर किंवा मांडीवर खाजणारी लाल रेघ उमटते आणि तासाभरात चांगली ५ ते १० सेंटिमीटर पुढे सरकते. ही सरकणारी रेघ या जंताची अगदी खास खूण आहे. रुग्ण संकोचामुळे ती सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. वडिलांना तुम्ही घरी निवांतपणे हे विचारून पाहा.

शौचाची तपासणी तीन वेळा निर्दोष आली, याचा अर्थ जंत नाही असा होत नाही. या कृमीच्या अळ्या फार थोड्या आणि अनियमितपणे बाहेर पडतात, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने एकच नमुना पाहिला तर निम्म्याहून अधिक रुग्णांत संसर्ग नजरेतून सुटतो. नमुन्यांची संख्या वाढवली की शक्यता सुधारते, पण खात्री होत नाही. आगार या जेलीसारख्या पदार्थाच्या बशीवर नमुना ठेवून अळ्यांनी काढलेल्या वाटा पाहणे ही अधिक चांगली पद्धत आहे, परंतु ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते. रक्तातील प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) तपासणी अधिक उपयोगी पडते, मात्र प्रतिकारशक्ती आधीच कमी असेल तर तीही फसवू शकते. रक्तातल्या इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी वाढलेल्या असतील तर तो महत्त्वाचा इशारा समजावा, म्हणून वडिलांचे गेल्या काही वर्षांचे जुने अहवाल फाइलमधून काढून तो आकडा अवश्य पाहा. पण तो आकडा सामान्य आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. तपासणी इतकी अपुरी, औषध इतके साधे, आणि चुकल्यास होणारे नुकसान इतके मोठे असेल, तेव्हा संशयावरूनच औषध देणे हे शास्त्राला धरून आहे.

ते नुकसान काय असते, हे मी पाहिलेले आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दक्षिण कोकणातून एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. दोन वर्षे त्यांना दमा आहे असे समजून स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या जात होत्या. धाप वाढली की डोस वाढत असे. त्यांची ती धाप बहुधा फुप्फुसातून प्रवास करणाऱ्या अळ्यांमुळे होती, आणि स्टिरॉइडमुळे अळ्यांची संख्या आणखी वाढत होती. आमच्याकडे आले तेव्हा पोट फुगलेले होते, रक्तात आतड्यातले जिवाणू वाढत होते आणि पुढच्या तीन दिवसांत त्याच जिवाणूंमुळे मेंदूज्वर झाला. आम्ही प्रतिजैविके बदलत राहिलो. क्षयाच्या शंकेने थुंकी पाठवली होती, ती पाहताना आमच्या तंत्रज्ञ बाईंना काचेवर वळवळणारी अळी दिसली आणि निदान झाले. तोपर्यंत उशीर झाला होता. ते गृहस्थ वाचले नाहीत. अनवाणी शेती केली आहे का, हा प्रश्न पहिल्या दिवशी मीही विचारला नव्हता. तेव्हापासून स्टिरॉइडचा कागद लिहिण्याआधी तो विचारल्याशिवाय माझा एक दिवस जात नाही.

त्या रुग्णाच्या शरीरात जे घडले त्याला अतिसंसर्ग म्हणतात. स्टिरॉइडमुळे स्वयंसंसर्गाचा वेग प्रचंड वाढतो, हजारो अळ्या आतड्याची भिंत फोडून फुप्फुसांत, यकृतात, कधी मेंदूपर्यंत जातात आणि आतड्यातले जिवाणू आपल्याबरोबर रक्तात नेतात. त्यामुळे वरवर पाहता तो जिवाणूंचा रक्तसंसर्ग वाटतो. शिवाय स्टिरॉइडमुळे इओसिनोफिल पेशी कमी झालेल्या असतात, म्हणजे इशारा देणारी घंटाही बंद पडलेली असते. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत स्टिरॉइडचे प्रमाण सर्वाधिक असते आणि धोकाही तेव्हाच सर्वाधिक असतो. आयव्हरमेक्टिन सामान्यतः वजनाच्या प्रत्येक किलोमागे २०० मायक्रोग्रॅम या हिशेबाने दिले जाते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम. हे औषध यकृतात विघटित होऊन शौचावाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंड निकामी असले तरी ते देता येते. किती दिवस आणि कोणत्या अंतराने, हे डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणेच घ्यावे. शाळांतून जंतनाशक दिनाला मिळते तशी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली म्हणजे काम झाले, असे समजू नये. गोल कृमींवर ती उत्तम आहे, या जंतावर अपुरी आहे.

येथे एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण माझ्या दृष्टीने ती मूळ प्रश्नाइतकीच महत्त्वाची आहे. आईही त्याच शेतात राबल्या आहेत. अवयवदात्याकडून प्रत्यारोपित अवयवाबरोबर हा जंत रुग्णाच्या शरीरात गेल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. त्यामुळे आईंची तपासणी झाली आहे का आणि त्यांनाही औषध द्यायचे आहे का, हे पुढच्या भेटीत स्पष्टपणे विचारा. दात्याच्या तपासण्यांत मूत्रपिंडाकडे आणि विषाणूंकडे बारकाईने पाहिले जाते, जंत मात्र कधीकधी राहून जातात.

प्रत्यारोपणाचा प्रसंग निदान आधी ठरलेला असतो आणि तयारीला वेळ मिळतो. मला अधिक काळजी वाटते ती ज्यांना आपण स्टिरॉइड घेत आहोत हेच माहीत नसते त्यांची. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या, दम्यावरची ‘खात्रीशीर’ चूर्णे, एकदा लिहून दिलेली आणि मग औषधाच्या दुकानातून वर्षानुवर्षे तशीच आणलेली गोळी, यांतून खेड्यापाड्यांत किती स्टिरॉइड पोटात जाते याची कल्पना ज्यांनी ओपीडीत बसून स्टिरॉइडने गोल झालेले चेहरे पाहिले आहेत त्यांनाच येईल. २०२० मध्ये करोनाच्या गंभीर रुग्णांसाठी डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा फायदा सिद्ध झाला तो दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, एवढ्या मात्रेचा. आपल्याकडे अनेकांना ते त्याहून जास्त आणि जास्त काळ दिले गेले. वडिलांनी अशा पुड्या कधी घेतल्या असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यासाठी कोणी रागावणार नाही.

‘प्रतिकारशक्ती कमी’ हा शब्दप्रयोग आपण सरसकट वापरतो, पण प्रतिकारशक्तीचे भाग निरनिराळे आहेत आणि कोणता भाग दुबळा झाला यावर कोणता परजीवी डोके वर काढतो हे ठरते. एचआयव्हीमध्ये सीडी४ नावाच्या संरक्षक पांढऱ्या पेशी कमी होतात, तरीही स्ट्राँगिलॉइडिसचा अतिसंसर्ग त्या रुग्णांत अपेक्षेपेक्षा कमी दिसतो. एचटीएलव्ही-१ नावाच्या दुसऱ्या विषाणूच्या संसर्गात मात्र तो वारंवार दिसतो. प्लीहा काढून टाकलेल्या माणसाला हिवताप अधिक जोराने होऊ शकतो, आणि असा माणूस अमेरिकेच्या ईशान्य भागात, न्यू जर्सीसारख्या ठिकाणी राहत असेल, जिथे आपल्या मराठी लोकांची मोठी वस्ती आहे, तर गोचिडीतून येणारा बबेसिया नावाचा परजीवी त्याच्या तांबड्या पेशी फोडून जिवावर बेतू शकतो. बिहारमध्ये काळा आजार आढळणाऱ्या जिल्ह्यांतून मुंबईत कामाला आलेल्या, एचआयव्ही असलेल्या रुग्णाला बरेच दिवस ताप आणि मोठी प्लीहा असेल, तर लिश्मानियाचा, म्हणजे काळा आजार घडवणाऱ्या परजीवीचा, विचार केलाच पाहिजे. म्हणून माणूस कुठे वाढला, कुठे राहिला आणि त्याच्या प्रतिकारशक्तीचा कोणता भाग कमी झाला, हे प्रश्न बरोबरच विचारावे लागतात.

मांजराचा प्रश्न टोक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे उद्भवतो. मांजराच्या आतड्यात तो लैंगिक पद्धतीने वाढतो आणि त्याची बीजे विष्ठेतून मातीत येतात. माणसात तो शिरला की साधारण तापासारखा आजार होतो किंवा काहीच होत नाही, आणि मग तो मेंदूत व स्नायूंत बारीक कोषांच्या रूपाने जन्मभर झोपून राहतो. सीडी४ पेशींची संख्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये १०० च्या खाली गेली की तो जागा होऊ शकतो. मी शिकत होतो त्या काळात, म्हणजे १ एप्रिल २००४ रोजी सरकारी केंद्रांतून एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागण्यापूर्वी, तरुण माणसे झटके येऊन किंवा एका बाजूने लुळी होऊन वॉर्डात दाखल होत; स्कॅनमध्ये मेंदूत कडीसारखे चकाकणारे डाग दिसत, आणि ते क्षयाचे की टोक्सोचे हे ठरवण्यासाठी आम्ही टोक्सोचे औषध सुरू करून दोन आठवडे वाट पाहत असू. डाग लहान झाले की घरच्यांच्या चेहऱ्यावर जे दिसे ते मी विसरलेलो नाही. हृदयाच्या प्रत्यारोपणात हा धोका विशेष असतो, कारण कोष हृदयाच्या स्नायूतूनच येतात. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात तो कमी असतो, पण नसतो असे नाही.

तरीही मांजर सोडून देण्याची गरज नाही. मांजराने टाकलेली बीजे संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून त्याची घाण दररोज काढली आणि ती वडिलांऐवजी दुसऱ्या कोणी काढली की बराचसा धोका टळतो. मांजराला कच्चे मांस किंवा मासळीची आतडी घालू नका, आणि या वर्षात नवी पिल्ले घरात आणू नका. तुमच्या गावी खरा प्रश्न घरातल्या मांजरापेक्षा अंगणातल्या आणि परसातल्या मातीचा आहे, कारण तिथे गावभरची मांजरे येऊन जातात. वडिलांनी परसबागेत काम करायचे ते हातमोजे घालून, आणि नंतर साबणाने हात धुऊन. मटण आपल्याकडे पूर्ण शिजवूनच खातात, त्यामुळे त्या बाजूने काळजी कमी आहे. कच्च्या पालेभाज्या, कोथिंबीर, काकडी, मुळा यांच्याकडे लक्ष द्या. पहिले काही महिने कोशिंबिरीऐवजी शिजवलेली भाजी द्यावी.

प्रत्यारोपणानंतर बहुतेक केंद्रांत को-ट्रायमोक्साझोलची गोळी काही महिने देतात. न्यूमोसिस्टिस या फुप्फुसाच्या बुरशीपासून बचाव हा तिचा मुख्य हेतू असतो, पण तीच गोळी टोक्सोप्लाझ्मा आणि सिस्टोआयसोस्पोरा या जुलाब घडवणाऱ्या परजीवीलाही अटकाव करते. औषधांची यादी लांबलचक असते आणि ‘ही कशासाठी’ असे वाटणारी पहिली गोळी बहुधा हीच असते. ती परस्पर बंद करू नका. अंगावर पुरळ उठले किंवा रक्तातले पोटॅशियम वाढले तर डॉक्टर ती बदलतील.

पाण्याच्या बाबतीत मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण येथे सुशिक्षित घरांतही गैरसमज आहे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात नळाच्या, म्हणजे क्लोरीन घातलेल्या पाण्यातून सुमारे चार लाख लोकांना त्याची बाधा झाली होती. धडधाकट माणसे एकदोन आठवड्यांत बरी झाली, परंतु एचआयव्हीग्रस्त आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या अनेकांचा त्यात मृत्यू झाला. म्हणून विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकले की काम झाले, असे वडिलांच्या बाबतीत मानू नका. पाणी खळखळून उकळल्यावर निदान एक मिनिट तसेच उकळू द्यावे आणि झाकून त्याच भांड्यात गार करावे. आरओ यंत्र असेल आणि त्याची निगा वेळेवर होत असेल तर तेही चालते. बाहेरचा बर्फ, उसाचा रस, पाणीपुरीचे पाणी आणि कच्ची चटणी वर्षभर तरी टाळावी. गोठ्यात हगवण लागलेले वासरू असेल तर वडिलांनी त्याच्या जवळ जाऊ नये, कारण या परजीवीची एक जात वासरांकडून माणसांकडे येते.

एवढे करूनही जुलाब झाले, तर काय करायचे ते आत्ताच ठरवून ठेवा. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिले जाणारे मायकोफिनोलेट हे औषधसुद्धा जुलाब घडवते, त्यामुळे सगळा दोष त्याच्यावर टाकून वाट पाहिली जाण्याची शक्यता असते. दुसरीकडे, जुलाब चालू असताना टॅक्रोलिमस या त्याच गटातल्या दुसऱ्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते आणि त्याचा त्रास नव्या मूत्रपिंडालाच होतो. म्हणून जुलाब दोन दिवसांपेक्षा जास्त टिकले, तर दुकानातून जुलाब थांबवण्याची गोळी न आणता केंद्राला फोन करावा, टॅक्रोलिमसची पातळी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) तपासून घ्यावे आणि शौचाचा नमुना ‘मॉडिफाइड ॲसिड फास्ट’ रंग वापरून पाहण्याची विनंती करावी. नेहमीच्या तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम आणि सिस्टोआयसोस्पोरा सहज दिसत नाहीत. या रंगात ते लाल होऊन स्पष्ट उठून दिसतात. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण सिस्टोआयसोस्पोरा को-ट्रायमोक्साझोलच्या पूर्ण मात्रेने बरा होतो, तर क्रिप्टोस्पोरिडियमवर नायटाझोक्सानाइडसारख्या औषधांचा परिणाम प्रतिकारशक्ती क्षीण असताना मर्यादित राहतो आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे काळजीपूर्वक कमी करण्याचा विचार करावा लागतो. तो निर्णय फक्त प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

वडिलांना शेताची ओढ असणारच, आणि पुढच्या मृगात ते पुन्हा खाचरात उतरू पाहतील. पहिले वर्ष त्यांनी चिखलात उतरू नये असे मी माझ्या रुग्णांना सांगतो, आणि त्यानंतरही गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट घातल्याशिवाय नाही. आयव्हरमेक्टिनने आज जंत गेला तरी अनवाणी पायांनी तो पुन्हा येऊ शकतो. त्या गोळ्या कोणत्या तारखेला घेतल्या आणि किती, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे कधी अचानक ताप, धाप किंवा पोटफुगी घेऊन त्यांना दुसऱ्याच एखाद्या रुग्णालयात न्यावे लागले, तर तिथल्या डॉक्टरांना ते पान आणि ‘भातशेती, अनवाणी’ हे दोन शब्द आधी दाखवा.